मामांचा एक होकार

कॅमेऱ्याच्या दुकानात त्यांना सगळे मामा म्हणत. 'नावाचे मामा, पण कुणाला मामा बनवत नाहीत,' हा विनोद गिऱ्हाइकांनीच केलेला. नव्या माणसाला तो ऐकवण्यात जुन्यांना फार मौज वाटे. मामा त्यावर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसत.

त्यांची ख्याती विकण्यापेक्षा न विकण्याची होती. पहिल्या पगाराच्या तोऱ्यात कुणी भलामोठा कॅमेरा मागितला, की मामा तो त्याच्या गळ्यात अडकवत आणि म्हणत, "कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून या." चक्कर मारून आलेला माणूस मान चोळत आपणहून लहान कॅमेऱ्यांकडे वळे. कुणी अमुक चांगला की तमुक असं विचारलं, तर मामा उलट विचारत, "फोटो कशाचे काढणार? आणि काढताना तुम्ही उभे कुठे राहणार?" या दुसऱ्या प्रश्नावर लोक गोंधळत. आपण कुठे उभे राहणार याचा विचार कॅमेरा घेताना सहसा कुणी केलेला नसतो. मामा मात्र त्या उत्तरावरूनच कॅमेरा काढून देत, आणि तो बहुधा माणसाने ठरवून आणलेल्या कॅमेऱ्याहून स्वस्त निघे.

"मामा, आपण दुकान चालवतो, सल्ला केंद्र नाही," मालकीणबाई म्हणत. त्या जुन्या मालकांची मुलगी. काउंटरखाली बसून लेन्सची झाकणं एकावर एक रचणारी पोर मामांनी पाहिली होती, त्यामुळे तिच्या रागावण्याचं त्यांना फारसं भय नव्हतं.

"गिऱ्हाईक परत येतं ना पण?"

"येतं. तुमच्याशी गप्पा मारायला."

अशा त्या दुकानात तो कॅमेरा आला. काळा, तळहातात मावणारा, पण हातात घेतला की भरीव. आत फुल-फ्रेम सेन्सर, म्हणजे प्रकाश झेलणारा तुकडा जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. एरवी एवढ्या तुकड्याला विटेएवढा कॅमेरा लागतो. इथे तो कोटाच्या खिशात बसत होता. अंधाऱ्या खोलीतही माणसाच्या पापण्या वेगवेगळ्या दिसाव्यात अशी त्याची नजर. लेन्स एकच, कायमची बसवलेली. ती बदलता येत नसे आणि दूरचं जवळही आणता येत नसे. जवळचं हवं असेल तर आपल्या पायांनी जवळ जायचं. किंमत अशी, की चिठ्ठीवरचा आकडा लोक दोनदा वाचत आणि मग उगाच कॅमेऱ्याच्या पिशव्या बघू लागत.

"घेण्यासारखा आहे का हो?" जो तो विचारी.

"बाळाचे फोटो काढणार? मोबाइल पुरे. एवढा महाग डोळा रोखलात तर बाळ बावरेल." "सहलीला? मग ओझं नको, जिवाला घोरही नको." मामांकडे प्रत्येकासाठी एक नकार तयार होता, आणि प्रत्येक नकार खरा होता.

मात्र रोज सकाळी दुकान उघडलं, की मामा काचेचं कपाट उघडून तो कॅमेरा पुसत. बंद काचेआड धूळ शिरत नाही हे मालकीणबाईंना ठाऊक होतं आणि मामांनाही. पुसून झाला की ते तो डोळ्याला लावत. समोर इस्त्रीवाला पाण्याचा शिडकावा करत असे, वाफ उठे, वाफेतून त्याचा हात बाहेर येई. मामा बटण दाबत. कॅमेऱ्यात कार्ड नसल्यामुळे काहीच उरत नसे. तो बारीकसा आवाज तेवढा बोटाला कळे, आणि मग मामा कॅमेरा जागेवर ठेवून चष्मा लावून हिशेबाकडे वळत. घरी त्यांच्याकडे स्वतःचा असा कॅमेरा नव्हता. मिठाईवाला कुठे मिठाई खातो, असं ते म्हणत, आणि लोकांना ते पटे.

दोन गल्ल्या सोडून औषधांचं दुकान होतं. तिथल्या काउंटरवरच्या ताई म्हणजे मामांच्याच जातकुळीतल्या. मामांच्या रक्तदाबाची चिठ्ठी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मामा, ही महागातली कंपनी आहे. आतलं औषध तेच असलेली दुसरी गोळी मिळते. डॉक्टरांना एकदा विचारा आणि मग घ्या. आज दोन दिवसांपुरतीच न्या." असं स्वतःचं नुकसान करणारं माणूस काउंटरच्या पलीकडे पहिल्यांदाच भेटल्याने मामा त्या दिवशी रस्ताभर खूश होते.

एका दुपारी त्याच ताई कॅमेऱ्याच्या दुकानात आल्या.

"मामा, आज मी गिऱ्हाईक."

"या, या! आज औषध आम्ही देणार. कुठे दुखतंय?"

"पोरीचे फोटो येत नाहीत, तिथे दुखतंय."

ताईंची मुलगी पोहायची, अगदी लहानपणापासून. तलाव बंदिस्त, वर मंद पिवळे दिवे. "मोबाइलमध्ये पोरीच्या जागी निळा लगदा येतो बघा," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं त्या प्रेक्षक गॅलरीत बसून ओरडतेय, आणि कुणाला दाखवायला एक धड फोटो नाही. आता शेवटची स्पर्धा आहे. मग ती शिकायला लांब जाणार. पोहणं बंद म्हणते."

मग त्यांनी काचेच्या कपाटाकडे बोट केलं. त्या कॅमेऱ्याबद्दल वाचूनच आल्या होत्या. अंधारात त्याच्यासारखा नाही म्हणे.

मामांनी तो काढून कार्ड घातलं आणि त्यांच्या हातात दिला. ताईंनी दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा फोटो काढला. पडद्यावर कोपरा उजळून आला. तिथे ट्रायपॉडच्या तिवया उभ्या होत्या, एका तिवईच्या पायाला जुनं दोऱ्याचं गुंडाळं होतं, आणि ते मामांनाही कधी दिसलं नव्हतं.

"अगं बाई!" ताई म्हणाल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "घेण्यासारखा आहे का, मामा? घराच्या भिंतींना रंग द्यायचा म्हणून बाजूला ठेवलंय थोडं. ते सगळं यात जाईल."

मामांच्या ओठावर त्यांचा नेहमीचा प्रश्न आला होता. गॅलरी हा शब्द त्यांनी ऐकला होता. गुडघ्याजवळच्या खालच्या फळीवर, बऱ्याच कमी किमतीचा, दूरचं जवळ ओढणारा कॅमेरा पडून होता. तो अंधारात याच्याइतका चांगला नव्हता, पण गॅलरीतून पोरीचा चेहरा त्याने आणला असता. मामा वाकणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "नाही, तसं नका सांगू. तुम्ही असता तर? तुम्ही घेतला असता का?"

इतक्या वर्षांत असं मामांना कुणी विचारलं नव्हतं. काउंटरमागच्या माणसाला काय हवं आहे, याच्याशी कुणाला काय देणंघेणं? ताईंच्या हातात तो कॅमेरा होता आणि त्या त्यांच्याकडे बघत थांबल्या होत्या.

"मी?" मामा म्हणाले. "मी डोळे मिटून घेतला असता, ताई."

"बस. मग झालं. रंग पुढच्या वर्षी."

मालकीणबाईंनी स्वतः पावती केली. ताई गेल्यावर म्हणाल्या, "मामा, आज सूर्य कुठून उगवलाय?" मामा रिकाम्या जागेवरची काच पुसत होते. आपण खोटं बोललो नाही, हे त्यांनी मनात घोळवून पाहिलं. शब्दन् शब्द खरा होता. तरी खालच्या फळीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ताई पुन्हा आल्या. चेहरा ओशाळलेला.

"मामा, हसू नका हं. ते जवळ आणायचं बटण कुठे असतं? काल सरावाला नेला होता. सगळीकडे दाबून पाहिलं. पोरगी म्हणाली, आई, तुला काही कळत नाही. खरंच, आम्हाला गोळ्यांच्या पलीकडे काय कळणार?"

ती वेळ होती. 'असं बटण यात नाही, चूक माझी आहे, हा ठेवा आणि तो न्या,' एवढंच म्हणायचं होतं. खालच्या फळीवरचा तो कॅमेराही अजून तिथेच होता. पण ताई स्वतःलाच अडाणी म्हणत होत्या, आणि त्यांना थांबवायचं तर स्वतःकडे बोट करावं लागलं असतं.

"जवळ नंतर आणायचं," मामा म्हणाले. "फोटो काढून झाला की हवा तेवढा भाग कापून मोठा करायचा. बारकावे एवढे असतात यात, की चालतं." आणि त्यांनी सरावाचा एक फोटो घेऊन, कापून, ताणून दाखवला. नारिंगी टोपीखाली काहीसा चेहरा दिसला.

"हात्तिच्या! एवढं सोपं!" ताई खुलल्या. "तुम्ही आहात म्हणून बरं."

यातही खोटं काही नव्हतं. कापून मोठा करता येतो. किती मोठा, तेवढं मामांनी सांगितलं नाही.

त्यानंतर मामांनी गोळ्या दुसरीकडून आणल्या. चौकापलीकडच्या मोठ्या दुकानात, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही. बायकोने पिशवी पाहिली.

"ताईंचं दुकान बंद होतं?"

"नाही."

"मग?"

"वाटेत पडलं हे."

"तुमची वाट कधीपासून तिकडून जायला लागली? आणि ही तर ती महागडी गोळी दिसतेय." बायकोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "उधारी-बिधारी केली नाहीत ना त्यांच्याकडे?"

"छे!" मामा म्हणाले आणि पाण्याचा पेला घेऊन खिडकीशी गेले. उधारी असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. एका गिऱ्हाइकाला दाखवायचा आहे असं मालकीणबाईंना आदल्या दिवशी सांगून मामांनी खालच्या फळीवरचा कॅमेरा घरी आणला होता. तो पिशवीत घालून ते तलावावर गेले. मनात वाक्यं जुळवलेली होती. ताईंना गाठायचं, हा हातात द्यायचा, बाकीचं मागाहून बोलता येईल.

गॅलरीत दमट ऊब होती, क्लोरीनचा वास होता, आणि पालकांचा असा कालवा की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. मामांनी खाली तलावाकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं त्याहून तो कितीतरी खाली आणि लांब होता. पोहणाऱ्या मुली टोप्यांच्या रंगावरूनच ओळखायच्या.

"मामा! तुम्ही?" ताई कठड्याला टेकून पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी शेजारच्या बाईंना सरकवून जागा केली. "खास आलात? अहो, हेच आमचे मामा. यांनीच निवडून दिला कॅमेरा. लोकांना नको नको म्हणतात, मला मात्र हो म्हणाले."

"असं का?" शेजारच्या बाई आदराने म्हणाल्या. "मग चांगलाच असणार."

मामा बसले. पिशवी मांडीवर.

"पिशवीत काय आणलंत?"

"डबा," मामा म्हणाले.

"एकट्यानेच खाणार होय? बरे आहात!" ताई हसल्या आणि पुन्हा पाण्याकडे वळल्या.

जुळवलेली वाक्यं मामांना एकेक करून आठवली. पण आता डबा म्हटल्यावर त्यातून कॅमेरा कसा काढायचा? शेजारच्या बाई ऐकत होत्या. मागची रांग ऐकत होती. मामांनी पिशवीची चेन थोडी उघडली, आत हात घालून कॅमेऱ्याचा पट्टा धरला. शिट्टी वाजली. मुली पाण्यात झेपावल्या, गॅलरी उभी राहिली. ताई कठड्यावर ओणवल्या आणि त्यांनी दोन्ही हात, कॅमेऱ्यासकट, जेवढे ताणता येतील तेवढे पुढे ताणले. हातभर अंतर तरी कमी व्हावं म्हणून. तशाच ताणलेल्या हातांनी त्या बटण दाबत राहिल्या. पडद्यात काय दिसतंय हे त्या अवस्थेत त्यांना कळणंही शक्य नव्हतं.

मामांनी पट्टा सोडला आणि चेन लावली.

पोरगी दुसरी आली. तिने चष्मा वर सरकवला आणि हसत गॅलरीकडे बघून आईला हात केला. त्याचाही फोटो निघाला. ताईंनी डोळे पुसून तो मामांना दाखवला. तलाव सुरेख आला होता. पाण्यात दिव्यांच्या पट्ट्या थरथरत होत्या, तळाची फरशी न् फरशी मोजता येत होती. मधे कुठेतरी एक नारिंगी ठिपका होता.

"हा मोठा करून द्याल ना, मामा? तिचा चेहरा असा पानभर."

"देतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी तो मोठा केला. चेहरा पानभर झाला तेव्हा तो चेहरा उरला नव्हता. हसण्याच्या जागी एक फिकट ओघळ होता. मामांनी थोडा लहान करून पाहिला, मग आणखी लहान. जिथे हसू ओळखू येऊ लागलं, तिथे पोरगी नखाएवढी झाली होती.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता तिने ऐकून घेतलं.

"पण कॅमेरा चांगला आहे," शेवटी मामा म्हणाले.

"कॅमेऱ्याबद्दल कुणी काही म्हटलंय का?" बायको म्हणाली. मग देठं बाजूला सारत, "आता करणार काय?"

"वापरलेला माल दुकान पूर्ण किमतीला घेणार नाही. आपण घ्यावा म्हणतो. आपण दोघं फिरायला जाणार होतो, त्यातून."

बायकोचा हात भाजीत थांबला. "घ्या. द्यायलाच हवं ते. पण मग कॅमेरा तुमचा होणार." ती त्यांच्याकडे बघेना. "हे आधीपासून मनात नव्हतं ना?"

मामांना राग यायला हवा होता. तो आला नाही, याचीच त्यांना भीती वाटली.

औषधांच्या दुकानात गर्दी होती. मामा रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा ताई आधी म्हणाल्या, "गोळ्या कधीच संपल्या असतील तुमच्या. बंद केल्यात की काय? मला काळजी लागली होती, परवा गडबडीत विचारायचं राहिलं."

"गोळ्या चालू आहेत," मामा म्हणाले. आणि मग तिथेच, काउंटरच्या अलीकडे उभं राहून, सांगितलं. बटण यात नव्हतंच. गॅलरीसाठी हा कॅमेरा नव्हताच. दुसरा होता, स्वस्तातला, आणि परवा तो पिशवीत होता. हा पूर्ण किमतीला ते स्वतः परत घेणार होते. "तुम्ही विचारलंत, मी असतो तर. मी माझ्यापुरतं सांगितलं, ताई. तुमच्यापुरतं सांगायचं राहिलं."

मागून एका आजोबांनी खोकल्याचं औषध मागितलं. ताईंनी ते दिलं, किती घ्यायचं ते समजावलं, सुटे पैसे परत केले. मग मामांकडे वळल्या.

"मी बटण विचारायला आले होते, तेव्हा का नाही सांगितलंत? तेव्हा स्पर्धा व्हायची होती."

"तुम्ही स्वतःला दोष देत होतात. मला..."

"आणि तुम्ही देऊ दिलात."

मामांनी होकारार्थी मान हलवली.

"डब्याला तर हसले मी," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मामांना धरायला काहीतरी मिळालं असतं. "संध्याकाळी कॅमेरा आणून देते. कार्ड मी ठेवणार."

"हो. कार्ड तुमचंच आहे."

"गोळ्या देऊ?"

"द्या."

त्यांनी नेहमीच्या गोळ्या दिल्या, पाकिटावरची तारीख नेहमीसारखी बोट ठेवून दाखवली, आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.

ताईंच्या भिंतींना रंग लागला. कोणता, ते मामांनी विचारलं नाही. पोरगी शिकायला गेल्याचं त्यांना मालकीणबाईंकडून कळलं. कॅमेरा कपड्यांच्या कपाटात, स्वेटरांच्या मागे पडून राहिला. मामा त्याला हात लावत नसत. एका सकाळी बायकोनेच तो काढून टेबलावर ठेवला.

"एवढे मोजलेत त्याचे. सांभाळायला की वापरायला? माझा काढा एक."

ती खिडकीशी कपबशी घेऊन उभी होती. मामा नाही म्हणत होते, आणि म्हणता म्हणता त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता. दोन पावलं पुढे गेले, थोडं डावीकडे झाले. अर्ध्या चेहऱ्यावर उजेड होता, अर्धा सावलीत. सावलीतही तिच्या कपाळावरची प्रत्येक रेष दिसत होती. चहाची वाफ दिसत होती. मामांचं बोट आपोआप दाबलं गेलं, आणि रोज सकाळी कार्ड नसलेल्या कॅमेऱ्यातून जे निसटत आलं होतं, ते या वेळी राहिलं. त्यांच्या छातीत आनंद उसळला. पाठोपाठ, तितक्याच वेगाने, एक लांब गॅलरी आली आणि कठड्याबाहेर ताणलेले दोन हात आले.

बायको पडद्याकडे बघत राहिली. "मी अशी दिसते?"

"अशीच दिसतेस."

तिने फोटो मोबाइलवर घेऊन बहिणीला पाठवला. मामा नको म्हणेपर्यंत तो गेलाही. थोड्याच वेळात उत्तर आलं आणि बायकोने ते वाचून दाखवलं. "भावजींना विचार, कोणता कॅमेरा? आम्हीही बघतोच आहोत. घेण्यासारखा आहे का?" तिने मान वर केली. "काय सांगू?"

मामांनी कॅमेरा बंद केला. लेन्सवर झाकण बसवायला त्यांना जरा वेळ लागला.

"दुकानात ये म्हणावं," ते म्हणाले. "घरी मला विचारू नका."